अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या जंगलात लेटरबॉक्सचे क्लू नेमके कसे वाचायचे? मुलांना घेऊन दोनदा गेलो, दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी परतलो.

लेटरबॉक्स म्हणजे टपालपेटी नव्हे, तर कुणीतरी लपवून ठेवलेला, क्लूवरून शोधून काढायचा छोटा डबा. तुम्ही लिहिलंय की क्लूमधली दगडी भिंत सापडली, दुहेरी खोडाचा ओक सापडला, पण तिथून '140 अंश, 25 पेसेस' गेल्यावर काहीच मिळालं नाही, आणि दिशा फोनवर बघितली होती. बॉक्स कुणी उचलून नेला असेल असं लगेच धरू नका. अशा वेळी गडबड बहुधा फोनच्या होकायंत्रात नाहीतर 'पेस' या शब्दात असते.

आधी दिशेचं बघू. क्लूमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर अंश चुंबकीय उत्तरेपासून, म्हणजे होकायंत्राची सुई दाखवते त्या उत्तरेपासून, मोजलेले असतात. कनेटिकटमध्ये चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला साधारण 13 अंश आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कंपासखाली 'यूझ ट्रू नॉर्थ' (खरी उत्तर वापरा) चालू असेल तर फोनवरचे 140 आणि क्लूमधले 140 यांत तेवढाच फरक पडतो आणि तुम्ही उजवीकडे सरकत जाता. 37 मीटर चाललात तर साधारण साडेआठ मीटर बाजूला. दाट जंगलात एवढ्यात दुसरंच झाड आणि दुसराच दगड येतो. ते सेटिंग बंद करा. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर कव्हरही काढा.

त्याहून बरं म्हणजे पारदर्शक पट्टीवर बसवलेलं साधं होकायंत्र घ्या. तबकडी फिरवून 140 हा आकडा पट्टीवरच्या दिशारेषेसमोर आणा, होकायंत्र पोटाशी आडवं धरा आणि सुईचं लाल टोक तबकडीतल्या बाणात बसेपर्यंत स्वतः जागेवर फिरा. तबकडीला मात्र आता हात लावायचा नाही. मग सुईकडे बघत चालू नका. त्या रेषेतलं पुढचं एखादं झाड हेरा, त्याच्यापर्यंत जा आणि तिथून पुन्हा रेषा धरा.

आता पेस. बऱ्याच लेटरबॉक्सवाल्यांच्या हिशोबात दोन पावलं मिळून एक पेस होतो, म्हणजे तेच पाऊल पुन्हा जमिनीला टेकलं की एक. 'स्टेप्स' लिहिलं असेल तर एकेक पाऊल मोजायचं. आपण मराठीत दोन्हींना पाऊलच म्हणतो, म्हणून इथे हमखास घोळ होतो: 25 पेसेस म्हणजे साधारण 37 मीटर आणि तुम्ही 19 मीटरवरच पालापाचोळा उपसत बसलेले असता. सगळेच हा हिशोब पाळत नाहीत, त्यामुळे बॉक्स लावणाऱ्याने क्लूच्या सुरुवातीला स्वतःची व्याख्या दिली आहे का ते बघा. नसेल तर दोन्ही अंतरांवर शोधा. घराजवळ 30 मीटर टेपने मोजून तीनदा चाला, सरासरी काढा. चढावर पाऊल आखूड पडतं, तेव्हा दोनतीन पेस जास्तीचे धरा. आणि मोजायचं काम मोठ्या माणसाने करावं. मुलांची पावलं क्लूला जुळत नाहीत.

क्लूमधल्या भिंती म्हणजे जुन्या शेतांचे बांध. आज जिथे जंगल आहे तिथे पूर्वी शेती होती. शेतातले दगड वेचून कोकणातल्या गडग्यासारखे, चुन्याशिवाय रचलेले हे बांध मैलोन् मैल जातात. म्हणूनच 'भिंतीपाशी' एवढ्यावर विसंबू नका. कितव्या भिंतीपाशी, ती वाटेला आडवी जाते की समांतर, कोपरा आहे की खिंडार, हे शब्द मोजून वाचा. वाट दाखवणाऱ्या, झाडांवरच्या रंगाच्या पट्ट्याही ओळखता यायला हव्यात: एकावर एक दोन पट्ट्या दिसल्या तर वळण आलं, आणि वरची पट्टी ज्या बाजूला सरकलेली त्या बाजूला वळायचं. क्लूमध्ये झाडांची नावंही येतात: बीचचं खोड राखाडी आणि गुळगुळीत असतं, व्हाइट पाइनच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यात येतात. ॲश लिहिलं असेल तर ते झाड आडवं पडलेलंही असू शकतं, कारण एका किड्याने इथले ॲश मोठ्या प्रमाणावर मारलेत.

हा खेळ मुळात इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या उघड्या माळरानाचा. 1854 साली जेम्स पेरॉट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलला एक बाटली ठेवली, आणि तिथवर पोचलेले लोक तीत आपलं कार्ड टाकू लागले. तिकडे झाडं नाहीत, दूरच्या दोनतीन टेकड्यांचे अंश दिले की जागा पक्की होते. अमेरिकेत 1998 मध्ये स्मिथसोनियन मासिकात लेख आल्यावर ही आवड पसरली, पण इथल्या जंगलात उन्हाळ्यात 30 मीटरपलीकडचं दिसत नाही. म्हणून इथले क्लू भिंती, खोडं आणि पावलांवर चालतात, आणि झाडं पडली की जुने होतात. क्लू कधीचा आहे आणि बॉक्स शेवटचा कधी सापडला, हे निघण्याआधी बघा.

जागेवर पोचलात की आधी उभं राहून नुसतं बघा. दगडाची शेवाळलेली बाजू खाली असेल, सालीचा तुकडा बिळावर आडवा टेकवलेला असेल, सारख्या आकाराचे तीन दगड एका फटीत बसवलेले असतील, तर तिथे माणसाचा हात लागलाय. फटीत आधी काठी घाला, मग हात. इथे कॉपरहेड आणि रॅटलस्नेक हे विषारी साप आहेत. जमीन उकरू नका. बॉक्स सहसा पुरलेला नसतो, झाकलेला असतो.

आत एक वही आणि हाताने कोरलेला रबरी शिक्का असतो. शाईचं पॅड सहसा नसतं; ते, एक वही आणि स्वतःचा शिक्का आपण न्यायचा. डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला डब्यातल्या वहीत. शिक्का पॅडवर दाबू नका, पॅड शिक्क्यावर हलकं टिपा. मऊ रबराच्या खाचांत शाई भरली की बारीक रेघा बुजतात. तुमच्या वहीखाली सपाट दगड नाहीतर जाड पुठ्ठा ठेवा, सरळ दाबा, सरळ उचला. डब्यातल्या वहीत तुमचा शिक्का, तारीख आणि टोपणनाव. मग शिक्का ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. ओल राहिली तर पिशवीत बुरशी धरते आणि वहीची पानं एकमेकांना चिकटतात. झिपच्या पिशवीतली हवा काढा, झाकणाच्या रबरी कडेत पानाचा तुकडाही अडकू देऊ नका, पाणी तिथूनच शिरतं. बॉक्स होता तिथेच, होता तसाच झाका. वाटेवरून दिसतोय का ते चार पावलं मागे जाऊन तपासा. 'आणखी चांगली' जागा शोधून देऊ नका, पुढच्या माणसाचा क्लू तिथे चुकतो.

पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे, काखेतले, कानामागचे भाग गोचिडांसाठी नीट बघा. लाइम रोगाला नाव मिळालं ते याच राज्यातल्या लाइम गावावरून. तीन-तीन पानांचं पॉयझन आयव्ही झाडावर वेलीसारखं चढतं, खोडाला हात टेकण्याआधी बघा.

राज्याच्या वनखात्याने सरकारी जंगलांत स्वतःचे लेटरबॉक्स ठेवलेत, क्लू खात्याच्या वेबसाइटवर मिळतात. मुलांबरोबर आधी त्यांतला एक करा. आणि तुमचा तो बॉक्स दिशा आणि पेस सुधारूनही मिळाला नाही, तर लावणाऱ्याला तारखेसह कळवा: कुठपर्यंतच्या खुणा जुळल्या आणि पुढे काय दिसलं. ओक पडलाय की फट रिकामी आहे, यावरून क्लू बदलायचा की नवा बॉक्स ठेवायचा हे त्याला ठरवता येतं.