वाचकांचे प्रश्न : गिअरबॉक्सचं तेल बदलायचंय? आधी वरचा बोल्ट सोडून बघा

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे २०१३ ची ऑल्टो ८०० आहे, ७१,००० किलोमीटर झालेत. मी वैभववाडीजवळच्या शाळेत शिकवते आणि महिन्यातून दोनदा तरी घाट चढून कोल्हापूरला माहेरी येते. गेल्या थंडीपासून सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर पडताना अडतो, गाडी तापली की नीट पडतो. रिव्हर्स टाकताना कधीकधी कर्रर्र वाजतं. गाडी घेतल्यापासून गिअरबॉक्सचं तेल बदललेलं नाही. इंजिन ऑइल मी आणि भाऊ घरीच बदलतो. हेही घरी जमेल का? दुकानदार म्हणतो, ‘कुठलंही ९० नंबर घाला, चालतं.’
– एक शिक्षिका, वैभववाडी

उत्तर : ताई, जमेल. इंजिन ऑइल बदलणाऱ्या हाताला हे काम जड नाही. फक्त क्रम चुकवू नका. खालचा ड्रेन बोल्ट सोडायच्या आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो सुटला तरच खालच्याला हात लावायचा.

हे मी १९८४ साली शिकलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजला उमेदवारी करत होतो. एका खेडेगावच्या डॉक्टरांची पद्मिनी कार आली होती, गिअरबॉक्सचं तेल बदलायला. मी खालचा बोल्ट सोडला, तेल सगळं घमेल्यात उतरलं आणि मग वरच्या बोल्टला पाना लावला. तो जागचा हलेना. जोर लावला तसे त्याचे कोपरे घासून गोल झाले. तेल नाही, त्यामुळे गाडी हलवता येत नाही, आणि डॉक्टरांना रात्री दवाखान्यात परत जायचं होतं. शेवटी वेल्डरला बोलावून त्या गोल झालेल्या बोल्टवर एक नट वेल्ड केला, तेव्हा कुठे तो फिरला. डॉक्टर मला एका शब्दानं बोलले नाहीत. एसटीनं गेले. त्यांना स्टँडकडे चालत जाताना बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी हेच सांगितलं.

आता तुमच्या गाडीचं. तेल आणायच्या आधी दुखणं कुठलं ते ओळखू या, नाहीतर तेल बदलूनही कर्रर्र तसंच राहील आणि तुम्ही तेलाला दोष द्याल.

इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. बंद गाडीत सगळे अलगद पडतात आणि इंजिन चालू केल्यावर रिव्हर्स वाजतो, तर बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो. केबल ताणली गेलेली असते, ती ॲडजस्ट करून मिळते. आणखी एक गोष्ट : बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून देणारी पितळी कडी, नसते. क्लच दाबल्यावर तीन सेकंद थांबून मग रिव्हर्स टाका. आतले गिअर थांबायला तेवढा वेळ लागतो. नुसतं थांबल्यानं आवाज गेला तर काळजीचं कारण नाही.

दुसऱ्या गिअरचं मात्र मला तेलाचंच वाटतंय. थंड असताना अडतो आणि तापल्यावर सुटतो, ही जुन्या किंवा चुकीच्या तेलाची खूण. गरम गाडीतही चालता चालता फक्त दुसराच गिअर वाजत असता, तर मी सिंक्रो रिंग झिजली असं म्हटलं असतं. झिजलेली रिंग कुठल्याच तेलानं भरून निघत नाही, त्याला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

ही रिंग करते काय, ते कळलं की तेलाचा सगळा प्रश्न कळतो. घरात स्टीलचे दोन पेले एकात एक घट्ट अडकतात ना? खालचा पेला फिरवला की वरचाही फिरायला लागतो. सिंक्रो रिंग तसंच करते. ती पितळी, आतून निमुळती, बारीक खाचा असलेली. तुम्ही गिअर टाकता तेव्हा ती गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, दोघांमध्ये पकड बसते, दोघांचा वेग सारखा होतो आणि मग दात एकमेकांत बिनआवाज सरकतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं ही सोय आणली. त्याआधी ड्रायव्हरला प्रत्येक गिअरला दोनदा क्लच मारावा लागे. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांचा ‘डबल क्लच’ तो हाच.

म्हणजे गिअरच्या दातांना तेल हवं घसरणारं आणि रिंगेला हवं पकड बसू देणारं. हे दोन्ही साधणारं तेल घालायचं. म्हणून ‘कुठलंही ९०’ चालत नाही. डब्यावर ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ असं लिहिलेलं असतं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये दातावर दात प्रचंड दाबानं घासतो, तिथे ती लागतात. पण सिंक्रोच्या गिअरबॉक्समध्ये तीच रसायनं रिंगेला पकड घेऊ देत नाहीत, आणि काही तेलांत पितळही खातात. आकड्यानं मोठं म्हणजे चांगलं, असं इथे नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ग्रेड, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा, लिहिलेली आहे, ७५डब्ल्यू-९० किंवा तशीच काही. तीच, जीएल-४ लिहिलेली आणा. अडीच लिटर आणून ठेवा, छोट्या गाडीला पुरतं. नेमकं माप पुस्तिकेत आहे. ‘गिअर मऊ करणारं’ म्हणून मिळणारी छोटी बाटली आणू नका. ती घसरण वाढवते, आणि रिंगेला तेच नको असतं.

कामाच्या दिवशी आधी आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणा. कोमट तेल पातळ होऊन तळातला गाळही घेऊन येतं. सायलेन्सरचा पाइप मात्र तेव्हा भाजेल इतका तापलेला असतो, हात सांभाळा.

गाडी वर घ्यायची ती चारी बाजूंनी सारखी. हे मी ताणून सांगतोय, कारण इंजिनसारखी इथे बहुधा तेल मोजायची दांडी नसते. वरचं भोक हेच माप. तेल त्या भोकाच्या काठाशी आलं आणि थेंब थेंब बाहेर यायला लागलं की पातळी बरोबर. गाडी पुढून उचललेली आणि मागून जमिनीवर असेल तर हे माप खोटं येतं. शेजारपाजारी कुणाकडे ट्रॅक्टरखाली उतरून काम करायचा खड्डा, म्हणजे पिट, असेल तर तिथे न्या, त्यासारखं दुसरं काही नाही. नसेल तर चार लोखंडी जॅक-स्टँड लावा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावू नका. वीट आडव्या दाबाला कधी फुटेल ते सांगून येत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तुम्ही किंवा भाऊ, कुणीही डोकं घालायचं नाही. मी अशी एक गाडी घसरताना बघितली आहे. माणूस वाचला, कारण नुकताच पाना आणायला उठला होता.

खाली गेल्यावर बोल्ट ओळखा. गिअरबॉक्स तोच, ज्यात दोन्ही पुढच्या चाकांचे दांडे शिरतात. एकदा एका तरुणानं इंजिनचा समजून गिअरबॉक्सचाच बोल्ट सोडला, सगळं तेल काढलं आणि इंजिनमध्ये नवं तीन लिटर ओतलं. म्हणजे इंजिनमध्ये दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा. सात किलोमीटरवर गाडी थांबली.

बोल्ट कंपनीगणिक वेगळे असतात : कुठे बाहेरून पाना, कुठे आतून ॲलन की, कुठे चौकोनी खाच. योग्य मापाचा सॉकेट नसेल तर अंदाजे पान्यानं सुरुवातच करू नका. वरचा बोल्ट सैल झाला की खालचा सोडा. आता बाहेर येईल त्याचा वास घ्या. वळवाच्या पावसात भिजलेल्या फटाक्यासारखा येतो, तो गंधकाचा. हाताला दोन दिवस राहतो, जुने कपडे घाला.

खालच्या बोल्टला बहुधा लोहचुंबक असतं. या कामातली मला सगळ्यात आवडती जागा ही. त्याच्यावर काजळासारखा करडा, मऊ लगदा बसलेला असेल. चिमटीत घेऊन चोळा. नुसता मऊ लागला तर ती एवढ्या वर्षांची साधी झीज, पुसून टाका. बोटाला टोचणारे कण, चकत्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर काम तिथेच थांबवा आणि गाडी मेकॅनिकला दाखवा. मग निघालेलं तेल उन्हात धरा. त्यात सोनेरी चमक दिसली तर ते पितळ, म्हणजे रिंगेची झीज. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते तेलातच बघावं लागतं. थोडी चमक चालते. चमकीच्या कागदासारखं झळकलं तर दुसऱ्या गिअरच्या तक्रारीचं उत्तर तिथेच मिळालं.

बोल्ट परत लावताना नवा वॉशर घाला. जुना दबून गेलेला असतो. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे पान्याला पाइप लावून आवळू नका. आटे गेले की तो खर्च तेलाच्या कितीतरी पट. मग बॉनेटमधून नरसाळं आणि पारदर्शक नळी खाली वरच्या भोकापर्यंत न्या. भाऊ वरून हळूहळू ओतेल, तुम्ही खालून बघा. हे तेल सावकाश उतरतं, घाई केली तर नळी सुटून अंगावर येतं. भोकातून थेंब गळायला लागले की थांबा, गळणं थांबलं की बोल्ट लावा.

जुनं तेल परत त्याच डब्यात भरून ठेवा. आपल्याकडे ते वाळवी लागू नये म्हणून दारांच्या चौकटींना लावायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. त्यात जड धातू असतात, आणि पोरं त्या चौकटीला हात लावतात. नाल्यात किंवा विहिरीकडे जाणाऱ्या पाटात तर अजिबात ओतू नका. गॅरेजमध्ये द्या. तिथून ते शुद्ध करणाऱ्याकडे जातं.

पहिल्या सकाळी दुसरा गिअर कसा पडला ते मला नक्की कळवा.

प्रश्न : मी गेल्या वर्षी जुनी वॅगन आर घेतली. २०२१ च्या पुरात ती बुडाली होती, असं आता शेजारी सांगतात. इंजिन ठीक चालतंय. गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं असेल का, आणि घरी कसं ओळखायचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जाऊ शकतं. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा जायला एक छोटी नळी किंवा टोपी असते. गाडी पाण्यात उभी राहिली तर पाणी तिथून आत जातं. चालून तापलेली गाडी पाण्यात शिरली तर आणखी लवकर, कारण आतली हवा थंड होऊन आक्रसते आणि पाणी ओढून घेते. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापुरात पूर ओसरल्यावर आम्ही किती गाड्यांचे बोल्ट सोडले, मोजदाद नाही. ज्यांत पाणी गेलं होतं, त्यांचं तेल दुधाच्या चहासारखं निघायचं.

वरचा बोल्ट सोडा, करंगळी आत घाला, तेल बोटावर घ्या. मधासारखं किंवा काळसर पारदर्शक असेल तर चांगलं. दुधट, गढूळ असेल तर पाणी आहे. तसं असेल तर तेल काढून नवं घाला, शंभरेक किलोमीटर चालवा आणि तेही काढून पुन्हा नवं घाला. एका खेपेत सगळं पाणी निघत नाही. त्यानंतर न्यूट्रलमध्ये गाडी चालू ठेवून ऐका. घूं-घूं असा आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर आतलं बेअरिंग गंजलंय. ते तेलानं बरं होणार नाही.

प्रश्न : बाइकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच तेल असतं. मग कारला वेगळं कशाला? माझ्याकडे बाइकचं २०डब्ल्यू-४० उरलंय. ते ९० पेक्षा पातळ असणार ना?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : बाइकमध्ये क्लच तेलातच बुडालेला असतो आणि गिअरमध्ये सिंक्रो रिंग नसते, म्हणून तिचं तेल त्या क्लचच्या मानानं बनवतात. कारचा क्लच कोरडा असतो आणि गिअरबॉक्सला रिंगा असतात. आकड्यांबद्दल मात्र तू चांगला प्रश्न विचारलास. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गिअरचं ९० हे दाटपणात साधारण इंजिनच्या ४० ते ५० इतकंच असतं. म्हणजे दाटपणा जवळपास सारखा, पण आतली रसायनं वेगळी. १९५९ ची ब्रिटिश मिनी अशी कार होती की तिच्या इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच, कारण गिअरबॉक्स इंजिनच्या पोटाखालीच बसवलेला होता. तुमच्या घरची कार तशी नाही. उरलेलं तेल झाकण घट्ट लावून ठेव आणि बाइकच्या पुढच्या सर्व्हिसिंगला वापर.