एक यार्ड उरला असताना पास कशाला?

प्रश्न : सर, हरभऱ्याला ओलित चालू आहे. रात्रीची लाईन येईपर्यंत धुऱ्यावर बसून मी मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल बघतो. २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडविरुद्ध सिॲटलला जिंकायला एकच यार्ड हवा होता, मार्शॉन लिंचसारखा दांडगा पळणारा हाताशी होता, तरी चेंडू फेकून पास टाकला आणि सामना घालवला. रन (चेंडू घेऊन पळणं) आणि पास निम्मे-निम्मे ठेवले असते तर ही पाळी आली नसती ना?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : तो पास मी किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. पण त्यावरून निम्मे-निम्मेचा हिशेब काढू नकोस.

तू कबड्डी खेळला असशीलच. शाळेच्या मैदानावर चढाईला निघणाऱ्या पोट्ट्यांना मी आधी समोरचे गडी मोजायला लावायचो. सहा किंवा सात असतील तर बोनस आहे, पाच असतील तर नाही. "मागच्या चढाईत बोनस घेतला सर, आता हात लावतो," असं कोणी म्हटलं की मी त्याला बाहेर बसवायचो. मागच्या चढाईचं समोरच्यांना काय देणंघेणं?

क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास टाकणारा गडी, तोही चेंडू हातात येण्याआधी मोजतो. बचावाचे अकरा. त्यातले आठ पुढे दाटीनं उभे असले तर मागे तिघंच उरतात, पासला रान मोकळं. पुढे सहाच असले तर रन काढावा. संघाला दोन्ही यायला हवं आणि पुढचं काय येणार ते समोरच्याला कळू नये, मी समतोल म्हणतो तो यालाच. आकडे निम्मे भरले की नाही, हे सामना संपल्यावर बघायचं. १९७४ च्या जानेवारीत मायामीनं अख्खा सुपर बोल फक्त ७ पास टाकून जिंकला होता. १९७८ मध्ये नियम आला की ५ यार्डांपुढे झेल घेणाऱ्याला धक्काबुक्की करायची नाही, आणि तिथून पासचं पारडं जड झालं.

आता तुझा सामना. दुसरा डाऊन (चार प्रयत्नांतला दुसरा), २६ सेकंद बाकी, सिॲटलकडे घड्याळ थांबवायचा एकच टाइमआउट. रन अडला असता तर घड्याळ चालूच राहिलं असतं आणि तो टाइमआउट तिथंच गेला असता. पास खाली पडला तर घड्याळ आपोआप थांबतं, आणखी दोन डाऊन हातात राहतात. त्यात न्यू इंग्लंडनं रन अडवायला धिप्पाड गडी आणून उभे केलेले. पास टाकणं चूक नव्हतं, हे मी ठामपणे सांगतो. चुकली ती जागा. चेंडू मधल्या गर्दीत गेला.

आणि तो मधेच झेलला न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरनं! निवडीच्या वेळी एकाही संघानं न घेतलेला, पहिल्याच वर्षाचा पोरगा. सरावात हाच डाव त्याच्यावर चालला होता, तिथं तो उशिरा पोचला होता. सामन्यातलं चित्र हळू करून फक्त त्याचे पाय बघ. झेल घेणारा वळतो न वळतो, तोच तो त्याच जागेकडे सुटलेला असतो. न्यू इंग्लंड २८, सिॲटल २४.

रन काढायलाच हवा होता तो २०१७ चा अटलांटाचा सामना. २८-२० अशी आघाडी, पाच मिनिटांहून कमी वेळ, चेंडू समोरच्यांच्या २२ यार्डांवर. तीन वेळा नुसता रन काढला असता तरी घड्याळ पळालं असतं, आणि फील्ड गोल (लाथेनं खांबांमधून मारलेला चेंडू, ३ गुण) बसला असता तर ३१-२०. पहिल्या रनला एक यार्ड गेला, म्हणून पास टाकायला गेले. क्वार्टरबॅक १२ यार्ड मागे पाडला गेला, वर दंडाचे १० यार्ड. फील्ड गोलचं अंतरच हातचं गेलं. शेवटी जादा वेळेत ३४-२८ नं हरले. ही हार मला सिॲटलच्या हारेपेक्षा जास्त लागते.

आज लाईन यायला उशीर झाला तर हा अटलांटाचा सामना लाव. चेंडू सुटायच्या आधी चित्र थांबव आणि पुढचे गडी मोज. काय मोजलंस ते मला लिहून कळव.