मृत्युपत्र लिहिण्याआधी सातबारा काढा
तुमचे वडील ७८ वर्षांचे, राजापूरकडे घर नि कलमांची बाग. गणपतीला सगळे जमले की स्टॅम्पपेपरवर मृत्युपत्र करायचं आणि साक्षीदार तुम्ही दोघं भावंडं, असं लिहिलंत. जरा थांबा.

स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. साक्षीदार मात्र बदला. ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. उद्या वाद झाला की पहिलं बोट तिथेच जातं. दोन साक्षीदार हवेत, दोघांच्या डोळ्यांदेखत वडिलांनी सही करावी, आणि शक्यतो वडिलांहून वयाने लहान माणसं घ्या. माझ्या काकांनी शेजारचे दोन म्हातारे घेतले होते. काका गेले तोवर तेही गेले होते. सही काकांचीच हे सिद्ध करता करता चुलतभाऊ कोर्टात थकला.

खरी गोची जमिनीत आहे. आपल्याकडे एकेका सातबारावर दहा-दहा सामाईक नावं. बाग वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर वडिलांना आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं, आणि हिंदू कुटुंबात २००५ पासून तशा मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. बहीण लग्न होऊन गेली म्हणून तो जात नाही. काकांनी ‘व्हाळाकडची कलमं धाकट्याला’ एवढंच लिहिलं. व्हाळ म्हणजे ओढा, आणि त्यांची कलमं तर व्हाळाच्या दोन्ही अंगांना! गावातलं नाव जरूर लिहा, पण सोबत गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा हवीच. घरासाठी ग्रामपंचायतीचा असेसमेंट (घरपट्टी आकारणीचा) उतारा. सातबारावर ‘इतर हक्क’ रकान्यात कुळकायदा कलम ४३ ची नोंद दिसली तर आधी वकील गाठा. कुळकायद्याने कुळाला मिळालेली जमीन सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याला देऊ नये, अशी ती अट. ती मोडून मृत्युपत्रानेही जमीन देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय.

बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्या ठेवीही मृत्युपत्रात घाला. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. या वयात, सही केली त्याच दिवसाचा, वडिलांचं भान शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखलाही जोडा.

आईचं काय, ते तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. घर कोणाच्याही नावे होवो, तिला हयातभर तिथे राहायचा हक्क आणि बागेच्या उत्पन्नातला वाटा स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. काकांच्या कागदात काकूचं नावच नव्हतं. ज्या घरात ती पन्नास वर्षं नांदली, तिथे राहू का म्हणून तिला लेकाला विचारावं लागलं.