झाकलेली अंडी म्हणजे टाकलेली अंडी नव्हेत

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावात पावसाळा लागल्यापासून बदकाच्या पिल्लाएवढ्या पक्ष्यांची एक जोडी आहे. जरा जवळ गेलं की बुडतात आणि भलतीकडेच वर येतात. गणपती विसर्जनासाठी काठावरचं पाणकणीस काढायला सुरुवात झाली, तेव्हा पोरांना त्यात कुजक्या शेवाळाचा तरंगता ढीग दिसला. वरचा थर बाजूला केला तर आत पाच मळकट तपकिरी अंडी. पक्षी आसपास नव्हता. अंडी टाकून दिली असतील का? कोंबडीखाली ठेवली तर उबतील? आणि उन्हाळ्यात तलाव आटला की हे पक्षी जातात कुठे?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : तुम्हाला फोनवर लगेच सांगितलं होतं, तेच सगळ्या वाचकांसाठी पुन्हा सांगते. शेवाळ होतं तसं अंड्यांवर परत सारा आणि तिथून दूर व्हा. ती अंडी टाकलेली नाहीत. झाकलेली आहेत, आणि झाकणारी त्या वेळी पाणकणसातून तुमच्याकडेच बघत असणार.

हा पक्षी म्हणजे टिबुकली. बदकांशी तिचं काही नातं नाही. चोच बघा, बदकासारखी चपटी नाही, बारीक आणि टोकदार आहे. शेपूट जवळजवळ नाहीच, मागे नुसता पिसांचा फुगीर गोंडा. वीणीच्या काळात गाल आणि मान विटकरी-तांबूस होते आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका उठून दिसतो. हिवाळ्यात हा सगळा रंग उतरतो आणि ती इतकी साधी, मातकट दिसते की पुष्कळांना वेगळाच पक्षी वाटतो. आवाज मात्र एकदा ऐकला की विसरत नाही. एवढ्याशा जिवाच्या गळ्यातून थरथरती, किनरी लकेर निघते आणि सगळ्या तळ्यावर पसरते.

पाय शरीराच्या पार मागे असतात. बोटांमध्ये बदकासारखा पडदा नसतो, प्रत्येक बोटाला स्वतंत्र पाळ असते. पाण्याखाली हे पाय तिला झपाझप पुढे नेतात, पण जमिनीवर ती धड चार पावलंही चालू शकत नाही. पाणकिडे, बेडकांची पिल्लं, बारीक मासे हे तिचं खाणं. साधारण पंधरा-वीस सेकंद ती पाण्याखाली असते. घाबरली तर पिसांमधली हवा दाबून बाहेर काढते आणि आवाज न करता खाली जाते. मग वनस्पतींच्या आड फक्त डोकं वर काढून थांबते.

आता घरट्याकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. चालता येत नाही म्हणून टिबुकली पाण्यातच घरटं बांधते. ओल्या पाणवनस्पतींचा तराफा, पाणकणसाच्या किंवा लव्हाळ्याच्या दांड्यांना अडकवलेला. मी बांधावर बसून दुर्बिणीतून तिला घरटं सोडताना पाहिलं आहे. माणसाची चाहूल लागताच ती उभी राहिली, चोचीने डावीकडून एक, उजवीकडून दोन असे शेवाळाचे झुपके भराभर अंड्यांवर ओढले आणि पाण्यात सरकली. कावळ्याच्या नजरेला उरला नुसता कचरा. अंडी घालताना खडूसारखी पांढरी असतात. त्या कुजक्या ओल्या शेवाळात राहून त्यांना तो तपकिरी रंग चढतो. तेव्हा डागाळलेलं अंडं सडकं नसतं, ते बरेच दिवस जपलेलं असतं.

कोंबडीखाली ठेवायचा विचार मनातून काढून टाका. अंडी उबतीलही, पण पुढे काय? पिल्लं पहिल्या दिवसापासून पाण्यात असतात, आणि थकली, गारठली की आईबापांच्या पाठीवर चढून पिसांत शिरतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची इवली डोकी तेवढी बाहेर दिसतात. आईबाप त्यांना चोचीतून खाऊ भरवतात. यातलं काहीच कोंबडी करू शकत नाही. शिवाय वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 नुसार रानपक्ष्यांची अंडी उचलणं, घरटं मोडणं हा गुन्हा आहे. पोरांना हे रागावून नको, दुर्बीण हातात देऊन सांगा.

तलाव आटला की ती रात्रीची उडून मोठ्या पाण्याकडे जाते. दिवसा सहसा उडत नाही, म्हणून ती गेलेली कुणाला कळत नाही. उडायला तिला पाण्यावर पाय आपटत लांब धावावं लागतं. त्यामुळे चुकून रस्त्यावर किंवा अंगणात उतरली तर तिथून तिला उठताच येत नाही. अशी सापडली आणि जखम नसेल, तर कापडात अलगद धरून जवळच्या तळ्यात सोडा. उजनीला रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांनी काठावरच्या टिबुकल्यांकडेही नजर टाकावी. डीएनएच्या अभ्यासातून या दोन कुळांचं एकमेकांशी सगळ्यात जवळचं नातं असल्याचं दिसून आलं आहे. तो उंच, गुलाबी पक्षी आणि ही मूठभर टिबुकली! मला याचं अजून नवल वाटतं.

राहता राहिलं विसर्जन. घाट असेल त्या एकाच बाजूची कड मोकळी करा, घरट्याची बाजू तशीच राहू द्या. जलपर्णी काढायला हरकत नाही, ती काढलीच पाहिजे, पण पाणकणीस आणि लव्हाळा म्हणजे घाण नव्हे. टिबुकलीप्रमाणे पाणकोंबडीही त्याच्याच आधाराने राहते. अंडी साधारण तीन आठवड्यांत फुटतात. पुढे पिल्लं स्वतः पोट भरेपर्यंत महिना-सव्वा महिना जातो. म्हणजे ती कड दिवाळीपर्यंत सोडायची. तेवढे दिवस मासेमारीची नायलॉनची जाळीही त्या बाजूला लावू देऊ नका. पाण्याखाली पोहणारा पक्षी जाळ्यात अडकला की बुडून मरतो. हे ठेकेदाराला आत्ताच, जाळं टाकायच्या आधी सांगा.