भाषण नको, वर्ग द्या

प्रश्न : आमच्या गणित-भौतिकशास्त्र विभागातली हुशार मुलं शिक्षकी पेशाकडे वळत नाहीत. शेवटच्या वर्षाला दरवेळी व्याख्यान ठेवतो, पण उपयोग शून्य. काय करावं? — एक विभागप्रमुख

उत्तर : शेवटच्या वर्षापर्यंत मुलांचं ठरून गेलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षातच एका क्रेडिटचा छोटा अभ्यासक्रम ठेवा आणि त्यात दोघादोघांच्या जोडीने शाळेत दोन-तीन तास शिकवू द्या. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातला ‘यूटीच’ हा कार्यक्रम १९९७पासून असाच चालतो. विषयाची पदवी आणि अध्यापनाची पात्रता तिथे एकदमच मिळते. पात्रतेसाठी वेगळं वर्ष घालवायचं म्हटलं की निम्मा उत्साह तिथेच ओसरतो.

पाठाचा आराखडा अनुभवी शालेय शिक्षकाने आठवडाभर आधी तपासावा, तास झाल्यावर लगेच दहा मिनिटं त्यावर बोलावं. पहिल्या तासाला ही मुलं हमखास फळा भरत सुटतात, कारण स्वतः तसंच शिकलेली असतात. म्हणून साहित्य आधी वर्गाच्या हातात द्यायला सांगा. २५ सेंमी आणि १०० सेंमी दोऱ्याचे दोन लंबक घ्या. दोरा चौपट, तर वेळही चौपट, असा वर्गाचा अंदाज येतो. मोजल्यावर दहा आंदोलनांना सुमारे १० आणि २० सेकंद लागतात, म्हणजे दुप्पटच! मग कुणीतरी विचारतं, ‘गोळा जड केला तरी वेळ तेवढाच का?’ सूत्र तोंडपाठ असलेला तुमचा विद्यार्थी इथे अडखळतो. शिकवण्यातही डोकं लागतं हे त्याला तेव्हा कळतं, आणि हुशार मुलं ओढली जातात ती यामुळेच.

शाळा जवळ नसेल, तर वरच्या वर्गातल्यांना खालच्या वर्गाच्या गटचर्चेसाठी मानधनावर नेमा. मात्र प्राध्यापकांबरोबर दर आठवड्याला तयारीची बैठक हवीच, नाहीतर ही मुलं नुसती उत्तरं सांगत फिरतात. वेतनश्रेणीचे खरे आकडेही समोर ठेवा. आणि ‘एवढे गुण, मग मास्तरकी कशाला?’ हे वाक्य विभागात ऐकू येत असेल, तर आधी ते थांबवा.

प्रश्न : गणित आवडतं, पण वर्गासमोर बोलायची भीती वाटते. — एक विद्यार्थिनी

उत्तर : चार-पाच मुलांच्या गटापासून सुरुवात करा. तीन प्रश्न लिहून न्या आणि प्रत्येक प्रश्नानंतर किमान तीन सेकंद गप्प राहा. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, असं विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना वर्गांच्या निरीक्षणांत आढळलं होतं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली. तेवढं तुम्हाला कमी बोलावं लागेल.