मऊ पिसाची माशी

प्रश्न : मे महिन्यात हिमाचलातील तीर्थन नदीवर ट्राउट मासे पकडायला जाणार आहे. ‘सॉफ्ट हॅकल’ प्रकारची माशी घरी बांधता येईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : अवश्य येईल. ही माशी म्हणजे गळावर पीस आणि दोरा बांधून केलेले, कीटकासारखे दिसणारे नकली आमिष. तिला परंपरेने तितराचे पीस लावतात, मात्र आपल्याकडील तितर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्याऐवजी गावरान कोंबडीच्या मानेचे मऊ पीस घ्यावे (कोंबड्याचे नको, ते ताठ असते आणि पाण्यात हलत नाही). १४ नंबरच्या गळावर मेण लावलेला रेशमी दोरा गुंडाळून अंग करावे आणि गळाच्या डोळ्यामागे (दोरी ओवायच्या छिद्रामागे) पिसाचे दीड-दोनच वेढे द्यावेत. नवशिक्याचा हात नेमका इथेच सैल सुटतो आणि माशीचा झाडू होतो. माशी प्रवाहाच्या आडवी, किंचित खालच्या बाजूला टाकून दोरी हलकी ताणलेली ठेवावी, म्हणजे ती वळत वळत काठाकडे येते. वळणाच्या शेवटी ती वर उचलली जाते तेव्हा पृष्ठभागाकडे निघालेल्या कीटकासारखी दिसते आणि ट्राउट पुष्कळदा तेव्हाच झडप घालतो. ट्राउटला गार पाणी लागते, त्यामुळे तुमच्या सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर फक्त फेकीचा सराव होईल. तीर्थनवर मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा.