शुक्रवारची रात्र भावाची

बाळा,

परवा फोनवर वीस मिनिटं तू बाबांबद्दलच बोललीस. लघवीची पिशवी, फिजिओचे पैसे, पाठीवरची लाल जागा. "तू कशी आहेस?" विचारलं तर म्हणालीस, "मला काय धाड भरलीय!" सासूबाईंच्या आजारपणात चार वर्षं मीही हेच म्हणत होते. म्हणून हे लिहितेय.

आधी झोप. लकवा झालेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तुला नर्सनं शिकवलं. हवेची गादी घेतली तरी ते सुटत नाही. पण दर दोन तासांनी उठणाऱ्याचं काय होतं, हे कोणी सांगत नाही. १९९५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक छोटा अभ्यास आला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांना सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावरची बारीकशी जखम भरायला इतरांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. शरीराचं हे, मग मनाचं काय!

तेव्हा भावाला स्पष्ट सांग, शुक्रवार-शनिवारच्या रात्री त्याच्या. तू दुसऱ्या खोलीत, दार लावून. तो तुझ्याइतकं नीट करणार नाही. चालेल. आणि बाबा झोपल्यावर 'तेवढाच माझा वेळ' म्हणून तासभर मोबाईल बघतेस, तो तास तुझ्याच झोपेतून जातो. स्वतःचा वेळ दिवसा काढ, घरात सांगून.

ओट्याशी उभ्यानं बाबांचं उरलेलं खिमट खाऊ नकोस. ताट वाढून घे. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करा म्हणतात, ऐकून तुला हसूच येईल. औषधं आणायला जाताना स्कूटी घरी ठेव, एवढं पुरे. (चहावरून बोलत नाही. मी त्या काळात मिश्रीला लागले होते.)

पण दोन आठवडे रोज उदास वाटलं, आवडीचंही नकोसं झालं, तर चालून-बिलून बघत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. नैराश्यात आधी सवयीच मोडतात आणि आपल्याला वाटतं, आपणच आळशी झालो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. 'संपावं हे एकदाचं' असं मनात आलं तर त्याच रात्री लाव. मला आलं होतं. सासूबाईंचं संपावं की माझं, तेही कळत नव्हतं.

शुक्रवारी भाऊ आला की मेसेज कर. नाही आला तर मी येते. कूस बदलायची मला सवय आहे.

तुझी,
मावशी